मागच्या उतारावरचे सहाजण

ज्यांची अकरावी-बारावी २००० नंतरच्या चार-पाच वर्षांत नाशिकला झाली, त्यांना ‘प्रोजेक्ट आयजीआय’ म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. कॉलेज रोडला क्लासच्या आधी किंवा क्लासच्या ऐवजी सायबर कॅफेत शिरायचं, प्लायवूडच्या खणात दोघांनी एकाच खुर्चीवर बसायचं, एकानं माउस धरायचा आणि दुसऱ्यानं कीबोर्ड. हा गेम नॉर्वेतल्या ओस्लोच्या इनरलूप स्टुडिओजनं केलेला, २००० च्या डिसेंबरात बाजारात आलेला. चौदा मोहिमा. आणि मोहिमेच्या मधे सेव्ह करायची सोय नाही. अर्धा तास सरपटत, कॅमेरे चुकवत, कुंपणं कापत शेवटच्या दारापाशी पोचावं, आणि मनोऱ्यावरच्या पहारेकऱ्याची एक गोळी लागली की पुन्हा पहिल्या पायरीवर. तासाचे पैसे तोवर संपत आलेले असायचे.

माझ्या पिढीतल्या बऱ्याच जणांनी एखाद्या प्रोग्रॅमचं फोल्डर आयुष्यात पहिल्यांदा उघडलं ते या वैतागापायी. तो मनोऱ्यावरचा माणूस कुठेतरी लिहून ठेवलेला असणार, नाहीतर दर वेळी त्याच जागी कसा उभा राहील? हा तर्क सोळा वर्षांच्या मुलानं केला होता आणि तो अगदी बरोबर होता. गेमच्या फोल्डरमध्ये ‘मिशन्स’, त्यात ‘लोकेशन ०’, त्यात ‘लेव्हल १’, ‘लेव्हल २’ अशी उतरंड होती, आणि प्रत्येक लेव्हलमध्ये ‘ऑब्जेक्ट्स’ नावाची एक फाइल. ती नोटपॅडमध्ये उघडली की पडदाभर चौकोन आणि विचित्र चिन्हं. सुरुवातीलाच नीट वाचता येत होती ती ‘लूप’ या शब्दाची चार इंग्रजी अक्षरं. कंपनीनं आपल्या नावातला तुकडा तिथे शिक्क्यासारखा मारला होता.

ती फाइल बिघडलेली नव्हती, दळलेली होती. मूळ मजकूर माणसाला वाचता येईल असाच लिहिलेला असतो. पण संगणकाला तो लवकर पचावा म्हणून त्याचं बारीक पीठ करतात, त्याला कंपाइल करणं म्हणतात. पिठाचे पुन्हा गहू होत नाहीत, पण कंपाइल केलेल्या फाइलचं बरंचसं मागं फिरवता येतं, कारण दळताना काय कशाचं झालं याचे नियम ठरलेले असतात. जगभरच्या हौशी लोकांनी आयजीआयसाठी असं उलटं जातं बनवलं. त्यातून निघालेला मजकूर पाहिला तेव्हा मला जे वाटलं ते अजून आठवतं. ओळीमागून ओळ ‘टास्क न्यू’, म्हणजे ‘नवं काम’. एका ओळीत एक झोपडी. एका ओळीत एक कुंपण. एका ओळीत एक शिपाई: तो कुठे उभा आहे, कोणत्या दिशेला तोंड आहे, हातात कोणती बंदूक आहे. माझा मनोऱ्यावरचा वैरी म्हणजे स्वल्पविरामांनी तोडलेली एक ओळ होती.

मोहीम म्हणजे कोणीतरी लिहिलेलं पान आहे, हे मला तेव्हा कळलं. या प्रकरणात ते पान कसं उघडायचं, कसं वाचायचं आणि कसं बदलायचं ते पाहू. त्यासाठी आयजीआयपेक्षा एक चांगला गेम आहे, कारण त्याच्या कर्त्यांनी पान दळलंच नाही. उघडी वही ठेवून दिली.

तो गेम म्हणजे ‘ऑपरेशन फ्लॅशपॉइंट’. चेक प्रजासत्ताकातल्या बोहेमिया इंटरॅक्टिव्ह या छोट्या कंपनीनं, मारेक आणि ओंद्रेय श्पानेल या भावांच्या पुढाकारानं तो केला. २००१ च्या जूनमध्ये तो आला. काळ १९८५, शीतयुद्धाचा. जागा एव्हरॉन, माल्डेन आणि कोल्गुयेव ही तीन काल्पनिक बेटं. पुढे प्रकाशकाशी फारकत झाली, ‘फ्लॅशपॉइंट’ हे नाव प्रकाशकाकडे राहिलं, आणि कंपनीनं आपला वारसा ‘आर्मा’ या नावानं चालवला. जुना गेमही २०११ पासून ‘आर्मा : कोल्ड वॉर असॉल्ट’ या नावानं मिळतो. लढाईच्या खेळात तोवर क्वचितच दिसलेल्या दोन गोष्टी त्यात होत्या. एक म्हणजे जागा: किलोमीटरच्या किलोमीटर मोकळं रान, हवं तिकडे चालत सुटा. दुसरी म्हणजे आवाज. दूरची तोफ आधी चमकायची आणि धडाका मागून यायचा, कारण आवाजाचा वेग गेममध्ये खरोखर हिशेबात धरला होता. देवळालीच्या तोफखाना प्रशिक्षण केंद्राचे धमाके ऐकत ज्याचं बालपण गेलं, त्या मुलाला ही गोष्ट पहिल्याच दिवशी कानांनी ओळखता आली. चमक दिसल्यावर मी सेकंद मोजायचो. तीन सेकंद, म्हणजे साधारण एक किलोमीटर.

आणि याच गेममध्ये मोहिमा रचायचं साधन सोबत दिलेलं होतं. नकाशावर टिचकी मारायची आणि शिपाई उभा करायचा. गेमच्या कर्त्यांनी स्वतःच्या मोहिमा ज्या पद्धतीच्या फाइलींत लिहिल्या, त्याच पद्धतीच्या फाइली तुम्हीही लिहायच्या. म्हणून त्यांचं काम उघडून पाहणं हीच शिकवणी झाली.

आता उघडण्याकडे वळू. पूर्ण झालेली मोहीम ‘पीबीओ’ प्रकारच्या एका फाइलीत बांधलेली असते. निफाड-पिंपळगावकडच्या पॅकहाऊसमधून द्राक्षं निघतात तेव्हा मालाबरोबर एक पॅकिंग लिस्ट असते: कोणत्या जातीच्या किती पेट्या, प्रत्येकीचं वजन किती. पीबीओची रचना तशीच आहे. फाइलीच्या अगदी तोंडाशी यादी: आत कोणत्या नावाच्या फाइली आहेत आणि प्रत्येकीची लांबी किती बाइट. यादी संपली की त्याच क्रमानं फाइलींचा माल, एकामागून एक. सोडवणारं साधन फक्त यादी वाचतं, पहिल्या नावाला जितकी लांबी लिहिली आहे तितके बाइट मोजून घेतं, ते त्या नावानं ठेवतं आणि पुढच्याकडे वळतं. यात कुलूप नाही आणि जादूही नाही. अशी साधनं फुकट मिळतात आणि काम चुटकीसरशी होतं.

दोन पथ्यं मात्र पाळायची. मूळ फाइलीला हात लावायचा नाही, तिची प्रत काढून प्रतीवर काम करायचं. आणि सोडवलेल्या फोल्डरच्या नावातला टिंबानंतरचा भाग पुसायचा नाही. त्या शेपटीत बेटाचं नाव असतं, आणि ही मोहीम कोणत्या जमिनीवर मांडायची हे गेमला तिथूनच कळतं. एव्हरॉनच्या फाइलींना ‘ईडन’ अशी शेपटी असते, कारण कर्त्यांच्या घरात त्या बेटाचं नाव ते होतं. माल्डेनची शेपटी ‘एबल’, कोल्गुयेवची ‘केन’. एदेनची बाग आणि आदमाची दोन मुलं! खेळणाऱ्याला न दाखवलेलं हे बारशाचं नाव फक्त फाइल उघडणाऱ्याला दिसतं.

फोल्डरमध्ये काय सापडतं? मोहिमेची माहिती सांगणारं एक पान, जे वेबपेजसारखंच लिहिलेलं असतं. काही वेळा आवाज आणि चित्रं. काही छोट्या आज्ञावल्या, म्हणजे स्क्रिप्ट. अमुक झालं की तमुक करा अशा. आणि ‘मिशन डॉट एसक्यूएम’ नावाची फाइल. जीव हिच्यात असतो. ही साध्या नोटपॅडमध्ये उघडते आणि वाचता येते.

ती कंसांच्या आत कंस अशी लिहिलेली असते. मोठा कंस मोहिमेचा. त्यात सुरुवातीला तारीख, वेळ, हवामान, धुकं. मग गट. प्रत्येक गटात माणसं, आणि प्रत्येक गटापुढे त्याचा मार्ग. मग नकाशावरच्या खुणा. मग ट्रिगर. पहिल्यांदा वाचणारा माणूस तीन ठिकाणी हमखास अडतो. मीही अडलो होतो.

पहिली जागा म्हणजे ठिकाणाचे आकडे. प्रत्येक माणसाच्या जागेसाठी तीन आकडे असतात आणि कोणीही समजेल की ते पूर्व, उत्तर आणि उंची या क्रमानं आहेत. तसं नाही. या फाइलीत उंची मधोमध असते: पूर्वेकडे किती मीटर, उंची किती, उत्तरेकडे किती. स्क्रिप्टमध्ये मात्र हेच आकडे उंची शेवटी ठेवून लिहायचे. एकाच गेममध्ये दोन रिवाज. ज्यानं फाइलीतले आकडे जसेच्या तसे स्क्रिप्टमध्ये उतरवले, त्याचा रणगाडा हजारो मीटर उंचीवर जन्माला येतो आणि दगडासारखा खाली येतो.

दुसरी जागा म्हणजे मोजणी. प्रत्येक यादीच्या माथ्यावर ‘आयटम्स’ असा शब्द आणि एक आकडा असतो, आणि खाली नगांना शून्यापासून क्रमांक असतात. सात गट असतील तर क्रमांक शून्य ते सहा, आणि माथ्यावर सात. मी एकदा हातानं आठवा गट लिहिला, कंस तपासले, अर्धविराम तपासले, मोहीम चालवली. गट नाही. गेमनं चूकही दाखवली नाही. दोन संध्याकाळी गेल्यावर लक्षात आलं की माथ्यावरचा आकडा मी सातच ठेवला होता. गेम सात नग मोजून थांबत होता. आठवा फाइलीत असूनही त्याच्या लेखी नव्हता. पुढे नोकरीत डेटाबेसची कामं करताना ज्या चुका मी झटकन पकडल्या, त्यातल्या अर्ध्या या एका चुकीच्या बहिणी होत्या.

तिसरी जागा ही अडचण कमी, गंमत जास्त. माणसाचं तोंड कोणत्या दिशेला हे सांगणाऱ्या शब्दाचं स्पेलिंग इंग्रजी शब्दकोशाप्रमाणे चुकलेलं आहे. ‘अ‍ॅझिमथ’च्या शेवटचा एच गायब आहे. ती चूक नव्हेच. चेक भाषेत तो शब्द ‘अझिमुट’ असाच आहे. प्रागमधल्या कोणा प्रोग्रॅमरच्या बोटांतून त्याची मातृभाषा फाइलीत उतरली आणि जगभरच्या असंख्य मोहिमांत राहून गेली. तुम्ही तो ‘सुधारलात’ तर तुमचा शिपाई दिशा विसरतो.

ट्रिगर म्हणजे नकाशावरचं एक अदृश्य वर्तुळ. त्याची त्रिज्या मीटरमध्ये लिहायची, आणि अट लिहायची: या वर्तुळात अमुक बाजूचं कोणी आलं, किंवा अमुक बाजूला अमुक बाजू दिसली, की पुढची गोष्ट घडू दे. गेम साधारण दर अर्ध्या सेकंदाला अट तपासत राहतो. सगळं नाट्य या वर्तुळांवर चालतं. वाचकांपैकी ज्यांच्या घरात कोणी ‘पबजी’ खेळलं असेल त्यांना वर्तुळ म्हटल्यावर आकसत येणारं वर्तुळ आठवेल, आणि ती आठवण अस्थानी नाही. न्यूझीलंडच्या सैन्यात राहिलेल्या डीन हॉलनं २०१२ मध्ये ‘आर्मा २’च्या फाइलींवर काम करून ‘डेझी’ हा जगून दाखवण्याचा खेळ केला. ब्रेंडन ग्रीन या आयरिश माणसानं ‘डेझी’वर काम करून शेवटी एकच उरेपर्यंत चालणारी ‘बॅटल रॉयल’ रचली. वर्तुळ निवडलं कारण चौकोनांचा हिशेब लिहिण्यापेक्षा ते त्याला सोपं पडलं. त्यातून २०१७ मध्ये कोरियात ‘पबजी’ तयार झाला. सप्टेंबर २०२० मध्ये भारत सरकारनं त्याच्या मोबाइल आवृत्तीवर बंदी घातली, तेव्हा आपल्याकडच्या घराघरांत जो हलकल्लोळ झाला, त्याचं मूळ गाव दुसऱ्याच्या गेमच्या फाइली उघडून बसलेल्या दोन हौशी माणसांचं टेबल होतं.

फ्लॅशपॉइंटच्या या घराण्याची दुसरी ओळख कटू आहे. आर्माची दृश्यं इतकी खरी दिसतात की खऱ्या युद्धाची म्हणून ती पसरवली जातात. बोहेमियानं २०२२ च्या नोव्हेंबरात अशी चित्रफीत कशी ओळखावी हे लोकांना जाहीरपणे समजावून सांगितलं. मे २०२५ मधल्या भारत-पाकिस्तान संघर्षातही व्हिडिओ गेममधल्या चित्रफिती खऱ्या हल्ल्याच्या म्हणून फिरल्या आणि केंद्र सरकारच्या पीआयबीला खुलासे करावे लागले. ज्यानं एकदा स्वतःच्या हातानं विमान, रॉकेट आणि धूर एका साध्या मजकुरात मांडून पाहिला आहे, तो असं दृश्य पुढे पाठवण्याआधी थबकतो. शाळांमध्ये हे एकदा तरी करून दाखवावं, असं मला मनापासून वाटतं.

आता मी केलेला प्रयोग सांगतो. नाशिकच्या उत्तरेला आशेवाडीच्या डोक्यावर रामशेजचा किल्ला आहे. उंचीनं बेताचा, भोवती घनदाट जंगल नाही, साल्हेर-मुल्हेरच्या तुलनेत किरकोळ वाटावा असा. १६८२ मध्ये औरंगजेबाचा सरदार शहाबुद्दीनखान यानं त्याला वेढा घातला आणि किल्ला पुढची काही वर्षं हाती लागेना. किल्ल्यावर लोखंडी तोफा नव्हत्या म्हणून मराठ्यांनी लाकडाचे ओंडके पोखरून, त्यांना कातडं बांधून तोफा केल्या, ही हकिकत मुघल इतिहासकार खाफीखानानं दिली आहे. शहाबुद्दीननंतर आलेल्या बहादूरखानानं एक युक्ती केली. एका बाजूनं मोठा गाजावाजा करून हल्ल्याचं सोंग करायचं, आणि सगळे तिकडे धावले की दुसऱ्या बाजूनं निवडक माणसं गुपचूप वर चढवायची. मराठ्यांना ती कळली आणि वर चढणाऱ्यांची वाट लागली.

लहानपणापासून ही गोष्ट ऐकताना मला प्रश्न पडायचा: ती युक्ती फसलीच कशी? ऐकायला तर बिनचूक वाटते. म्हणून एव्हरॉनवरची एक टेकडी मी रामशेज मानली. बंदुका १९८५ च्या, पोशाख भलतेच, आणि दोर लावून कडा चढणं गेममध्ये नाहीच, त्यामुळे मागचा उतार पायी चढायचा. मला फक्त रचना पाहायची होती. समोरून आवाज करत येणारा बारा जणांचा गट. या गेममध्ये एका गटात बाराच माणसं मावतात. मागच्या उतारावर सहाजण. वर माथ्यावर किल्लेकऱ्यांचे तीन छोटे गट, आणि त्यांना ‘गार्ड’ ही आज्ञा. पहारा द्यायचा, तर पहाऱ्याचीच आज्ञा देणार.

मोहीम सुरू केली. समोर गोळीबार झाला आणि तिन्ही गट उठून समोरच्या कड्याकडे पळाले. मागचे सहाजण कोणाशीही न लढता वर आले आणि मधोमध उभे राहिले. दहादा चालवली, दहादा तेच.

फाइल उघडून बसलो आणि ‘गार्ड’ या शब्दाचा या गेमपुरता अर्थ समजावून घेतला. ‘गार्ड’वरचा गट आपल्या जागेला बांधलेला नसतो. आपल्या बाजूच्या कोणालाही शत्रू दिसला की तो मदतीला धावतो. म्हणजे जितके जागरूक तितके धावणारे, आणि बहादूरखानाचा सगळा डाव याच जागरूकपणावर होता. जागा न सोडणारी आज्ञा वेगळी आहे: ‘होल्ड’. मी तिसऱ्या गटाच्या मार्गातला एक शब्द पुसला आणि दुसरा लिहिला. मागच्या उतारावर दीडशे मीटर त्रिज्येचा ट्रिगर टाकला: चढणारे या वर्तुळात किल्लेकऱ्यांना दिसले, तर आणि तरच या गटानं कड्याच्या तोंडाशी जायचं. फाइल साठवली, पुन्हा चालवली.

समोर तोच गोंधळ. दोन गट पळाले. तिसरा गट हलला नाही. समोर आपली माणसं पडत होती, आवाज येत होता, आणि पाचजण गवतात मागच्या रिकाम्या उताराकडे तोंड करून बसून राहिले. मला वाटतं, त्या वेळी रामशेजवर ज्यानं कोणी मागच्या बाजूच्या लोकांना ‘काहीही ऐकू आलं तरी जागा सोडू नका’ असं बजावलं असेल, त्याचं काम तोफा करणाऱ्यापेक्षा अवघड होतं. आणि ते पाळणाऱ्यांचं त्याहून अवघड.

तरी एक खोट राहिली होती. सहाजण येणार हे मला माहीत होतं, कारण मीच ते लिहिले होते. किल्लेदाराला ते माहीत नव्हतं. या फाइलीत प्रत्येक माणसापुढे आणखी एक आकडा लिहिता येतो: तो मोहिमेत असण्याची शक्यता, शून्य ते एकच्या दरम्यान. मी समोरच्यांचा आकडा एकच ठेवला. मागच्या सहाजणांपैकी प्रत्येकापुढे ०.५ लिहिलं. आता दर खेपेला गेम सहा वेळा छापा-काटा करणार. कधी सगळे येतील, कधी दोन, कधी कोणीच नाही. मग मी स्वतःला त्या पाचजणांच्या गटात ठेवलं आणि मोहीम सुरू केली.

समोरून धडाके सुरू झाले. गेममध्ये पहाटेची वेळ होती, उतारावर धुकं होतं. पाच मिनिटं गेली, दहा गेली. उताराच्या अर्ध्यावर एक झुडूप हललं असं वाटलं आणि मग पुन्हा काहीच नाही. मागे आपलाच एक गट संपत आल्याचं रेडिओवर ऐकू येत होतं, आणि खाली सहाजण आहेत, दोन आहेत की कोणीच नाही, हे मलाही माहीत नव्हतं.